नवी पेठेतला प्लॉटरवाला: नकाशे छापायचे तर इथंच, लॅमिनेशन मात्र नको

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी आमच्या भूगोलाच्या पोरांचे मोठे पोस्टर छापायचे होते, विषय न्यूझीलंड आणि पॅटागोनियातल्या (दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक) जुन्या हिमनद्या आणि त्यावरून तिथलं पूर्वीचं हवामान कसं काढतात. सोलापुरात फ्लेक्सवाले ढिगानं आहेत, पण दादांच्या वाढदिवसाला जे चालतं ते नकाशाला चालत नाही, बारीक रेषा पसरतात सगळ्या. म्हणून नवी पेठेत आतल्या गल्लीत झेरॉक्सच्या वर पहिल्या मजल्यावर जो प्लॉटरवाला आहे त्याच्याकडे गेलो. धड पाटीसुद्धा नाही, खाली विचारलं की जिना दाखवतात.

काकांनी फाइल उघडली आणि पहिलाच प्रश्न, लोक किती लांबून बघणार? हे आजवर कुठल्या प्रिंटवाल्यानं विचारलेलं नाही मला. मग पूर्ण छापायच्या आधी वीतभर पट्टी मॅट कागदावर काढून दिली, तिचे पैसे नाहीत. आणि त्या पट्टीनंच वाचवलं आम्हाला, कारण न्यूझीलंडमधल्या पुकाकी तलावाच्या दक्षिण टोकाला हिमोढांच्या ज्या रांगा आहेत त्या पट्टीवर सगळ्या मिळून एकच जाड पट्टा दिसत होता. आता हिमोढ म्हणजे हिमनदीनं ढकलत आणलेला दगडमातीचा बांध, ती जिथवर पोचली तिथं टाकला आणि मागं सरली, असे एकामागं एक. त्या बांधावरून हिमनदी किती मोठी होती ते कळतं, त्यावरून हिमरेषा, म्हणजे जिच्या वर बर्फ वर्षभर टिकतो ती उंची, किती खाली उतरली होती ते, आणि त्यावरून तापमान. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात तिथं आजच्यापेक्षा साधारण ६ अंश थंड होतं हा अंदाज असाच निघालाय. रांगाच एकमेकीत मिसळल्या तर पोस्टर लावून उपयोग काय? काकांनी कॉन्ट्रास्ट वाढवून, रेषा बारीक करून दुसरी पट्टी दिली, एकेक बांध सुटा.

रंगाचंही असंच. पुकाकीचं पाणी दुधाळ निळं आहे, काकांना वाटलं पोरांनी फोटोवर कलाकारी केलीय, ते कमी करायला निघाले होते. म्हटलं राहू द्या, हिमनदीनं खडक घासून केलेलं दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं त्याचा रंग आहे तो. ‘मग जसंच्या तसं काढतो,’ म्हणाले, आणि काढलं.

खरी कमाल केली त्यांच्याकडच्या पोरानं. तुलनेसाठी हिमालयाचा एक उपग्रह फोटो घेतला होता, तो बघून म्हणतो, ‘सर, हे उलटं दिसूलालंय की ओ, डोंगराच्या जागी खड्डे.’ बरोबर होतं त्याचं! आपल्या गोलार्धात ऊन दक्षिणेकडून, म्हणजे नकाशात खालून येतं, आणि डोळ्याला उजेड वरून यायची सवय, त्यामुळे धार दरीसारखी दिसते. न्यूझीलंडमध्ये ऊन उत्तरेकडून, तिथला फोटो सरळच दिसतो. मग हिमालयाच्या त्या फोटोऐवजी वायव्येकडून उजेड धरलेला उठावाचा नकाशा टाकला. आमच्या विभागात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या पोराला चहा पाजला.

आलेखाची गंमत ऐका. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, तापमानाच्या दोन रेषा, पोरांनी दोन्ही फिक्या निळ्याच्या जवळपास ठेवलेल्या. काका म्हणाले एक तुटक करा नाहीतर दोन्ही एकच वाटतील. आणि अख्खा मुद्दा तोच आहे ना की त्या वेगळ्या आहेत! सुमारे १४,७०० ते १३,००० वर्षांपूर्वी उत्तरेत ऊब आली होती तेव्हा अंटार्क्टिकाकडे पुन्हा थंडी पडली आणि न्यूझीलंडच्या हिमनद्या पुढं आल्या, नंतर १२,९०० च्या सुमारास उत्तर गोठली तर या मागं सरकत होत्या. दक्षिणेत त्या अक्षांशात जमीनच थोडी, बाकी सगळा समुद्र, म्हणून न्यूझीलंड आणि पॅटागोनियाचा पुरावा इतका मोलाचा.

एक पोस्टर वय कसं मोजतात यावर होतं. हिमनदी मागं गेली की बांधावरचे मोठे दगड उघडे पडतात, त्यांच्यातल्या गारगोटीत अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे बेरिलियम-१० (बेरिलियम या मूलद्रव्याचा एक प्रकार) साठत जातं, ते मोजायचं. काकांनी विचारलं आपल्या काळ्या दगडाचं असं वय निघेल का. पोकळीतली गारगोटी सोडली तर आपल्या बसाल्टात ती जवळजवळ नसतेच, त्यामुळे ही रीत इथं चालत नाही. पण पॅटागोनियात लागो ब्युनोस आयरेस नावाच्या तलावाच्या पूर्वेला हिमोढांच्या मधे लाव्हाचे थर आहेत आणि त्या थरांच्या वयावरून सगळ्यात बाहेरचे बांध दहा लाख वर्षांहून जुने निघालेत, हे सांगितल्यावर गडी खूश. लाव्हा म्हटलं की आपलाच विषय.

आता तक्रारी. लॅमिनेशन अजिबात करू नका, एका पोस्टरवर बुडबुडे आले आणि ट्यूबलाइटखाली चकाकून अर्धा नकाशा दिसेना, मॅटवर तसंच राहू द्या. रेट भिंतीवर लावलेले नाहीत, स्क्वेअर फुटाला किती ते आधीच ठरवून घ्या, फ्लेक्सच्या मानानं बरंच महाग पडतं. गुंडाळी ठेवायला नळी देत नाहीत, वर्तमानपत्रात बांधून देतात, टू-व्हीलरवर नेताना कडा दुमडतात तर नळी घरून न्या. दुपारी जेवायला शटर खाली, फोन उचलत नाहीत. गाडी लावायला जागा नाहीच आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर त्या बाजूला चारचाकी नेऊच नका.

पाचपैकी चार. वाढदिवसाचा बॅनर असेल तर कुठंही करा, नकाशा, आलेख, प्रोजेक्टचं पोस्टर असेल तर इथं या, फाइल पीडीएफमध्ये आणा आणि पट्टी आधी मागून घ्या.