व्हिसा न लागणाऱ्या देशाच्या ‘परमिट’साठी आम्ही साडेदहा हजार भरले

सासूबाईंना एकदा तरी विमानात बसायचं होतं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे एसटीतून निवृत्त झालेत. दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी मलेशियाला जायचं असं गेल्या ऑगस्टमध्ये ठरलं. आमच्या तालुक्याच्या गावात परदेश सहलींचं ऑफिस टाकलेला एक मुलगा होता. माझ्याच एका विद्यार्थ्याचा मोठा भाऊ. मला ‘बाई’ म्हणायचा, वाकून नमस्कार करायचा. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पोलिसांत आणि ग्राहक आयोगात आहे.

माणशी ५८ हजार त्यानं सांगितले. विमान, चार रात्रींचं हॉटेल, फिरायला गाडी, सगळं धरून. तिघांचे १ लाख ७४ हजार. त्यावर ‘व्हिसा-फ्री एन्ट्री परमिट’चे माणशी साडेतीन हजार. पुण्यातल्या माझ्या भाच्यानं फोनवर तेव्हाच विचारलं होतं, “मावशी, मलेशियाला आपल्याला व्हिसा लागत नाही, मग हे पैसे कशाचे?” मी त्या मुलाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “बाई, व्हिसा-फ्री म्हणजे व्हिसा फुकट असं नाही. व्हिसाऐवजी परवानगी काढायची असते. तिची फी असते.”

मला ते पटलं. का पटलं, याचा नंतर मी खूप विचार केला. त्यात अर्धं खरं होतं म्हणून पटलं. मलेशियाला जाण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरावाच लागतो. त्याला एमडीएसी म्हणतात, म्हणजे मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड. १ जानेवारी २०२४ पासून तो सक्तीचा आहे. पण त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचा असतो. आम्हाला ‘मंजूर’ असा शिक्का आणि क्यूआर कोड असलेले तीन रंगीत कागद मिळाले ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. प्रवास २७ ऑक्टोबरचा. म्हणजे त्या कागदांवरची तारीखच सांगत होती की ते खोटे आहेत. पण नियमच माहीत नसल्यावर तारीख काय सांगणार?

विमानाची तिकिटं त्यानं दोन वेगळी दिली, जातानाचं एक आणि येतानाचं एक. “वेगवेगळी काढली की स्वस्त पडतात, बाई.” दोन्हींचे पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर घालून ह्यांनी त्याच दिवशी तपासले. आमची नावं दिसली. आम्ही निश्चिंत झालो. इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पीएनआर हा फक्त आरक्षणाचा क्रमांक असतो. पैसे न भरता एजंट जागा काही काळ नुसती धरून ठेवू शकतो, आणि तेवढ्या वेळात साइटवर आपलं नाव दिसतं. मुदत संपली की आरक्षण आपोआप गळून पडतं. पैसे भरून तिकीट निघालं की मोठ्या विमान कंपन्यांच्या तिकिटावर तेरा आकडी तिकीट क्रमांक येतो. आमच्या जाण्याच्या तिकिटावर तो होता. येण्याच्या तिकिटावर ती जागा रिकामी होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले असते तर घरबसल्या कळलं असतं.

भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी आम्ही मुंबईला निघालो. प्रवास लांबचा म्हणून विमानाच्या पाच तास आधीच पोहोचलो होतो. तेवढ्यामुळे वाचलो. काउंटरवरच्या मुलीनं परतीचं तिकीट मागितलं. तिनं पीएनआर घातला, पुन्हा घातला. “मॅडम, हे बुकिंग अस्तित्वात नाही.” परतीचं तिकीट नसेल तर ती बोर्डिंग पास देणार नव्हती. तिचंही बरोबर होतं. तिकडच्या इमिग्रेशननं प्रवाशाला नाकारलं तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते. मग तिनं अरायव्हल कार्ड मागितलं. मी ते रंगीत कागद पुढे केले. तिनं एक कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, “हे काय आहे? असं काही नसतं.”

ते वाक्य ऐकताना सासूबाई व्हीलचेअरवर बसून माझ्याकडे बघत होत्या. पस्तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईला आपल्या हातातला कागद वाचता आला नाही, हे तेव्हा फार लागलं. अजून लागतं.

त्या मुलाचा फोन बंद. ह्यांनी कार्डावर परतीची तीन तिकिटं तिथेच काढली, ७१ हजार ४०० रुपयांची. भाच्याला फोन केला. पासपोर्टचे फोटो पाठवले आणि त्यानं पुण्यात बसून तिघांचे फॉर्म भरले. ई-मेलवर पोच आली. वेळ लागला वीस मिनिटं, पैसे शून्य. जाता जाता सांगते, त्या फॉर्मच्या नावानं पैसे घेणाऱ्या साइटही इंटरनेटवर आहेत. खरी साइट मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याची आहे आणि तिचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट एमवाय’ असा संपतो.

क्वालालंपूरला इमिग्रेशनच्या खिडकीवर अधिकाऱ्यानं तीनच गोष्टी विचारल्या: किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट. तिकीट दाखवलं, शिक्के मिळाले. आमच्या पुढच्या रांगेत एक विशीतला मुलगा होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. त्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं आणि हॉटेलचा पत्ता त्याला सांगता येईना. एजंटनं त्याला सांगितलं होतं, व्हिसा लागत नाही, नुसतं उतर, काम मिळेल. त्याला बाजूच्या खोलीत नेलं. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. पण व्हिसामाफी पर्यटनासाठी असते, कामासाठी नाही, आणि आत सोडायचं की नाही हे खिडकीतला अधिकारीच ठरवतो. नाकारलेल्या माणसाला परतीच्या विमानात बसवतात. आपल्याकडे ‘व्हिसा-फ्री’चा अर्थ लोक ‘दार उघडं’ असा घेतात. अर्थ एवढाच की आधी दूतावासाकडे जायला नको. दारावर विचारणारा माणूस असतोच.

आम्ही परत आल्यावर नोव्हेंबरमध्ये एक बातमी वाचली आणि इमिग्रेशनच्या रांगेतला तो मुलगा डोळ्यांपुढे आला. इराणनं भारतीयांची व्हिसामाफी २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली. नोकरीचं आमिष दाखवून, व्हिसा लागत नाही असं सांगून नेलेल्या भारतीयांचं तिथे खंडणीसाठी अपहरण झाल्याचे प्रकार घडले होते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं तशी सूचनाच काढली. आमचे पैसे गेले. तिथे माणसं अडकली.

क्वालालंपूरला हॉटेलवर पोहोचलो तर तिथेही बुकिंग नाही. केलं होतं, पण दोन दिवसांत रद्द केलं होतं. ‘पैसे हॉटेलवर भरा’ या पर्यायानं केलेलं बुकिंग असं फुकट रद्द करता येतं आणि छापलेलं व्हाउचर आपल्या हातात तसंच राहतं. निघण्याआधी हॉटेलला एक ई-मेल केला असता तर कळलं असतं. चार रात्रींचे जवळजवळ २१ हजार पुन्हा भरले. गाडी आलीच नाही.

तरी क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्ह्जला गेलो. तिथे मुरुगन म्हणजे आपल्या कार्तिकस्वामींची जवळजवळ १४० फूट उंच सोनेरी मूर्ती आहे आणि वर गुहेतल्या मंदिरात जायला २७२ पायऱ्या. सासूबाईंना पायऱ्यांपेक्षा दुसरीच काळजी होती. कार्तिक पौर्णिमा अजून आठवड्यावर होती आणि एरवी बाईमाणसानं कार्तिकस्वामींचं दर्शन घ्यायचं नसतं असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. तिथल्या तमिळ बायका डोक्यावर दुधाचे हंडे घेऊन पायऱ्या चढताना त्यांनी पाहिल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि खालूनच हात जोडले. सहा दिवसांत त्यांनी फसवणुकीचा एकदाही उल्लेख केला नाही.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण पैसे ऑगस्टमध्ये दिलेले. ही हेल्पलाइन पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत उपयोगी पडते, तेव्हा समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत खातं कधीच रिकामं झालं होतं. ते खातंही दुकानाच्या नावाचं नव्हतं, त्या एजंट मुलाचं स्वतःचं होतं. यूपीआयनं देताना ते नाव आम्हाला दिसलं होतं आणि आम्ही पुढे गेलो. पावती नाही. पण व्हॉट्सॲपवरचे निरोप, यूपीआयच्या नोंदी आणि ते तीन रंगीत कागद आम्ही जपून ठेवले होते. त्यांच्या जोरावर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, गुन्हा नोंदवला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि अर्ज आम्ही वकिलाशिवाय स्वतःच लिहिला. ऑफिसचं शटर अजून बंद आहे. त्याचा धाकटा भाऊ, माझा विद्यार्थी, रस्त्यात दिसला की मान खाली घालतो. त्याचा यात काही दोष नाही, हे मी त्याला थांबवून सांगितलं.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एक सहकारी बाई थायलंडचे कागद घेऊन आल्या. तिथेही १ मे २०२५ पासून तसाच डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म आहे, तोही फुकट, तोही शेवटच्या तीन दिवसांत भरायचा. त्यांच्या एजंटनं त्याचे माणशी बाराशे लावले होते. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्यांच्या मोबाइलवर बसलो, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओ डॉट टीएच’ आहे ना ते आधी पाहिलं आणि चौघांचे फॉर्म भरले. मग त्यांनी येतानाचं तिकीट काढून दाखवलं आणि त्यावरचे तेरा आकडे आम्ही बोट ठेवून मोजले.