हॉलेरिथ यांचे टॅब्युलेटिंग यंत्र : एका जुन्या यंत्राची पारख

अमेरिकी संशोधक हर्मन हॉलेरिथ यांच्या टॅब्युलेटिंग, म्हणजे कार्डांवरची भोके वाचून मोजदाद करणाऱ्या, यंत्राचा विषय निघाला की 1890 च्या अमेरिकी जनगणनेचा दाखला दिला जातो. परंतु यंत्राचा खरा कस त्याआधीच, 1889 मध्ये, सेंट लुईस शहराच्या जनगणनेच्या नोंदींवर घेतलेल्या चाचणीत लागला होता. तीन पद्धतींच्या या स्पर्धेत हॉलेरिथ यांच्या यंत्राने साडेपाच तासांत मोजदाद आटोपली, तर इतर दोन पद्धतींना त्याच कामासाठी 44.5 आणि 55.5 तास लागले. मात्र त्याआधी माहिती भोके पाडून कार्डांवर उतरवण्यात 72.5 तास गेले होते, आणि माझ्या मते या यंत्राची पारख करताना हाच आकडा आधी पाहायला हवा.

मोजणीची रचना अत्यंत देखणी आहे. कार्ड दाबयंत्रात ठेवून दांडा खाली ओढला, की स्प्रिंगवरच्या सुया कार्डावर टेकतात. जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एका घराने सरकतो. नोंद झाल्याची घंटा वाजते, शेजारच्या पेटीतल्या नेमक्या खान्याचे झाकण आपोआप उघडते, आणि कारकुनाने कार्ड त्यात टाकून झाकण लावायचे असते. एकदा पाडलेली भोके वय, व्यवसाय, जन्मस्थान अशा वेगवेगळ्या अंगांनी पुन्हापुन्हा मोजता येतात. भोके पाडण्यात गेलेले तास इथे वसूल होतात, आणि म्हणूनच मी या यंत्राला मनापासून दाद देतो. ज्याला एकदाच मोजदाद हवी आहे, त्याला मात्र एवढा खटाटोप परवडणारा नाही.

उणिवाही लहान नाहीत. प्रत्येक कार्ड हातानेच ठेवावे आणि उचलावे लागते. शिवाय 1890 चे यंत्र केवळ मोजते, रकमांची बेरीज करत नाही. ती सोय हॉलेरिथ यांनी पुढच्या यंत्रांत आणली.

यंत्रे विकत मिळत नसत, भाड्याने मिळत. जनगणना कार्यालयाला हे भाडे पुढे इतके जाचक वाटू लागले की त्याने स्वतःची कार्यशाळा उभारली, आणि 1910 च्या जनगणनेसाठी तिथेच तयार झालेली यंत्रे वापरली.