पंचनामा ते पासबुक: पूरमदतीची सरकारी सेवा वापरायला कशी आहे?

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या, म्हणजे धोका पातळीच्या, वर गेलं की करवीर, हातकणंगले, शिरोळच्या नदीकाठाला मदतीची चर्चा सुरू होते. ही सेवा शेवटाकडून चांगली आणि सुरुवातीकडून कच्ची आहे. पैसे थेट आधारजोड खात्यात येतात, मधे हात नाहीत. पण किती येणार, हे बांधावरच, पंचनाम्यात ठरतं.

दर आधी गुंठ्यात मोडून बघा. जिरायत हेक्टरी 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक 22,500 रुपये. म्हणजे बागायतीला गुंठ्याला साधारण 170. वीस गुंठ्यांचे 3,400 झाले. बियाणं आणि भरणीचा खर्चही त्यात निघत नाही. क्षेत्र अगदीच कमी असलं तरी जिरायतीला किमान 1,000 आणि बागायतीला 2,000 मिळतात. 2 हेक्टरांची मर्यादा 2025 च्या खरिपात 3 केली, पण गुंठ्यांत शेती असलेल्या आपल्या भागात त्याचा फायदा किती जणांना? तीन इंचांवर गाळ साचला असेल तर गाळ काढायला हेक्टरी 18,000 वेगळे आहेत. ते मागितल्याशिवाय पंचनाम्यात येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

खरी मेख उसाची. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तरच मदत, आणि पाणी ओसरल्यावर ऊस लगेच मेलेला दिसत नाही. शेंडा बुडून पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) गाळ बसला की वाढ थांबते, मग बाजूनं पांगशा म्हणजे फुटवे फुटतात. गडबडीत झालेल्या पंचनाम्यात असा हिरवा ऊस 'बरा' ठरतो. म्हणून कृषी सहायकासमोर चार-पाच ठिकाणचे पोंगे ओढून दाखवा. कुजलेला पोंगा अलगद हातात येतो, वासही मारतो. फोटोत गटाची ओळख पटेल असा बांध किंवा विहीर घ्या. उसाला पीक विमा नाही, त्यामुळं इथं चुकलं की दुसरी वाट नाही. सोयाबीन-भाताचा विमा उतरवलेल्यांनीही पंचनामा झाला म्हणजे विम्याचं काम झालं असं समजू नये, ते खातं निराळं.

सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पीकनोंदीत) ऊस नसून 'पड' असेल तर तलाठ्याचाही नाइलाज होतो.

यादी चावडीवर लागली की विशिष्ट क्रमांक (सगळे व्हीके नंबर म्हणतात) आणि आधार घेऊन सेवा केंद्रात जायचं. तिथं अंगठा लावून केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, होतं; अंगठा लावण्याआधी पडद्यावरचं क्षेत्र वाचा. कमी दिसलं तर मान्य न करता तिथंच तक्रार नोंदवा. मान्य केल्यावर तहसीलला हेलपाटे सुरू. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा डिजिटल ओळख क्रमांक) असलेल्यांना 2025 मध्ये या केवायसीतून सूट मिळाली, ही सुधारणा मनापासून आवडली.

'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा दुसऱ्याच बँकेत पडलेले असतात. सोसायटीच्या कर्जाचं खातं जिल्हा बँकेत आणि आधार जोडलेलं गॅस सबसिडीच्या खात्याला, असा प्रकार. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) तपासलं की उलगडा होतो. शेतजमिनीच्या सामाईक खात्याला इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं आणि खातेदार मयत असेल तर आधी वारस नोंद. ही कामं पावसाळ्याआधीच उरकावीत. आणि बँकेनं मदतीची रक्कम कर्जाला वळती केली तर शासन निर्णयाची प्रत पुढं ठेवा, त्यात अशी वसुली करू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं.