बॅकलिंक: विकत घ्यायच्या की मिळवायच्या?

'महिन्याला पाचशे बॅकलिंक, पहिल्या क्रमांकाची हमी!' असे मेल अजूनही येतात. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारा दुवा; अशा दुव्यांमुळे गूगलच्या शोधात साइट वर दिसू शकते. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगते.

विकतच्या लिंक झटपट मिळतात, एवढाच त्यांचा गुण. जे. सी. पेनी ही अमेरिकी दुकानसाखळी कपड्यांपासून गालिच्यांपर्यंतच्या शोधांत अव्वल दिसे. कारण विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या साइटवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे उघड केले. गूगलच्या कारवाईनंतर काही शोधांत ती पहिल्या क्रमांकावरून थेट साठीपलीकडे घसरली. लिंक आपण लावल्याच नाहीत, असे कंपनी म्हणाली. असेलही, पण फटका तिलाच बसला.

२०१२ मध्ये गूगलचे पेंग्विन अपडेट आले, म्हणजे अशा पेरलेल्या लिंक पकडणारा शोधयंत्रणेतला बदल. २०१६ पासून ते अशा लिंक बहुतेकदा हिशेबातच धरत नाही. म्हणजे शिक्षा टळली तरी पैसे पाण्यात.

मिळवलेल्या लिंकला महिने लागतात. स्वतः गोळा केलेली आकडेवारी किंवा दुरुस्तीची फोटोंसह माहिती असेल, तर लोक आपणहून दुवा देतात. माझे मत याच बाजूने. जाहिरात म्हणून लिंक घ्यायचीच असेल, तर तिच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण करायला सांगा. मग गूगलची हरकत नसते.