एक चौरस फुटाचा लॉर्ड

पुतण्यानं एडिंबरोहून माझ्या पासष्टीची भेट पाठवली. जाड कागदाचं सर्टिफिकेट, खाली लाल लाखेचा शिक्का, चौकड्याच्या कापडाची फीत. मजकूर असा, की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली एक चौरस फूट जमीन माझी झाली असून आजपासून मी नावापुढं ‘लॉर्ड’ लावू शकतो. किंमत त्यानं सांगितली नव्हती, पण बिल पाकिटातच राहिलं होतं. आपल्या पैशांत साडेतीन हजार! कंपनीचं नाव लिहीत नाही. हा धंदा करणारे तिथं बरेच आहेत म्हणे.

कागद सुरेख आहे, फ्रेम करण्याजोगा. त्याला अभिप्रायातला पहिला तारा. पण मी तेहतीस वर्षं तलाठी होतो. कागद हातात आला की माझी नजर शिक्क्यावर जात नाही, गट नंबर शोधते. इथं गट नंबर नाही, चतुःसीमा नाहीत, फेरफार क्रमांक नाही. उपग्रहाच्या नकाशावर एक खूण करून दिलीय, तिथं नुसती झुडपं दिसतात. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याला १०८९ लॉर्ड. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. एवढा तुकडा नोंदवायला कुणी चावडीवर आला असता, तर चहा पाजून परत पाठवला असता.

पुतण्याला म्हटलं, तिथला कायदा काय म्हणतो ते बघ. त्यानं बिचाऱ्यानं शोधलं. स्कॉटलंडात जमिनीच्या दस्तांची सरकारी नोंदवही १६१७ पासून आहे, आणि नोंद झाल्याशिवाय जमीन तुमच्या मालकीची होतच नाही. शिवाय २०१२ च्या कायद्याप्रमाणे नुसत्या आठवणीपुरत्या, कशाच्याही उपयोगी न पडणाऱ्या अशा तुकड्यांची नोंद घेतलीच जात नाही. म्हणजे सातबारा निघालेला नाही आणि निघणारही नाही. कंपनी ज्याच्या आधारानं लॉर्ड करते तो मूळ शब्द ‘लेअर्ड’. त्याचा अर्थ जमीनदार, एवढाच. ती सरदारकी नव्हे.

“तात्या, गंमत म्हणून दिलंय हो,” पुतण्या फोनवर म्हणाला. “एवढं काय मनावर घेता?”

मनावर घ्यायला कारण आहे. आम्ही साताऱ्याचे. स्कॉटलंडचा लॉर्ड म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं एकच माणूस उभा राहतो, लॉर्ड डलहौसी. त्याचा वाडा एडिंबरोच्या दक्षिणेला पुतण्याच्या घरापासून लांब नाही, आणि आता तिथं हॉटेल आहे.

एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज वारले. पोटी मुलगा नव्हता, मरणापूर्वी दत्तक घेतलेला. डलहौसीला गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानचा कारभार हातात घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यानं दत्तक राज्याचा वारस म्हणून धरला नाही आणि सातारा खालसा झाला. पुढं त्याच वाटेनं नागपूर आणि झाशी. मधल्या काळात, १८४९ मध्ये, पंजाब घेतल्याबद्दल विलायतेनं त्याला अर्लचा मार्क्विस केला, म्हणजे सरदारकीत एक पायरी वर.

आता या साहेबांचीच वारस नोंद लावतो, सवय जात नाही. जेम्स रॅमसे, मयत १९ डिसेंबर १८६०, वय ४८. वारस: मुली दोन, सुसान आणि एडिथ. मुलगा निरंक. मार्क्विसकी फक्त पोटच्या मुलग्याला जाणारी, त्यामुळे अकरा वर्षांत खलास. वडिलांना १८१५ मध्ये मिळालेली बॅरनची पदवी तीही त्याच दिवशी गेली. दत्तकाचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या पदव्यांना दत्तक चालतच नाही.

राहिली ती जुनी स्कॉटिश अर्लकी, १६३३ ची. तिला पुरुषशाखेत आडवं सरकायची सोय होती. ती सरकली सख्ख्या चुलतभावाकडे, फॉक्स मौलकडे. क्रिमियाच्या युद्धात युद्धमंत्री होता तो. रॅमसे घराण्यातला माणूस मौल कसा? तर त्याच्या वडिलांना आजीच्या माहेरची, मौलांची इस्टेट मिळाली, म्हणून त्यांनी आडनाव बदललं होतं. आमच्या गावात याला दत्तक गेला म्हणतात. फॉक्सलाही मूल झालं नाही. १८७४ मध्ये तो गेला, त्याची बापाकडून आलेली पॅनम्युअरची बॅरनकी संपली, आणि अर्लकी पुन्हा आडवी सरकली, आणखी एका चुलतभावाकडे. तो आरमारातला. अर्लकी अजून चालू आहे. दोनदा पोटी मुलगा नाही, दोनदा भाऊबंद उभे राहिले, आणि एकदाही कुणी खालसा म्हणालं नाही. हा फेरफार मी तीनदा वाचला.

तर वस्तूकडे परत. पॅकिंग चांगलं, टपाल वेळेत, इंग्रजी जरा जास्तच झुलीदार. जमीन म्हणून शून्य. एकूण दोन तारे देऊन विषय संपवणार होतो.

पण राहवलं नाही. कंपनीला इमेल केला: माझ्यामागं ही जागा कुणाच्या नावावर लागेल? मला एकच अपत्य, मुलगी. तेहतीस वर्षांत किती बहिणींची हक्कसोडपत्रं या हातानं फेरफाराला लावली त्याचा हिशोब नाही. २००५ साली मुलींना मुलग्यांइतकाच वाटा आला, तरी सही करायला बहीणच यायची, साडीचोळी घेऊन परत जायची. त्यामुळं उत्तर काय येणार याचा अंदाज मी बांधून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. मुलगी असो वा मुलगा, नावात बदल करून मिळेल. नवीन सर्टिफिकेटवर ‘लेडी’ असं छापू, फी वेगळी.

तिसरा तारा दिला.