होली नेम कॅथेड्रलची गाईडेड फेरी: जरूर करा, पण मराठीत हवी

कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलची गाईडसोबतची फेरी नुकतीच केली. मी वसईची, कॅथलिक. 1998 साली वसईचा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) वेगळा झाला, तोवर आमचंही कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, हेच. त्यामुळे अपेक्षा जास्त होत्या.

गाईड मुलगी तयारीची होती. तिने इमारतीपासून नाही, भांडणापासून सुरुवात केली. 1720 मध्ये इंग्रजांनी फ्रान्सिस्कन संघाच्या पोर्तुगीज फादरांना मुंबईतून घालवलं आणि कार्मेलाइट संघाचे फादर आणले. पुढे एकाच शहरात दोन अधिकार: काही चर्चेस पाद्रोआदोखाली, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला चर्चवर मिळालेल्या अधिकाराखाली, काही थेट रोमच्या, म्हणजे पोपच्या हाताखाली. पोर्तुगाल आणि रोममधल्या 1928 च्या कराराने सगळे एका आर्चबिशपखाली आले, पण तो आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिशच असायचा! शेवटी ब्रिटिश आर्चबिशप रॉबर्ट्स भारतीय माणसासाठी बाजूला झाले. 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये पहिले भारतीय कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालच्या दर्जाचे धर्मगुरू. त्यांची कबर याच कॅथेड्रलमध्ये आहे. लहानपणापासून हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कानावर पडलेलं, सलग आत्ता कळलं.

भिंतींवरची चित्रं मात्र सावकाश बघा. ती जेज्वीट संघाचे ब्रदर मोस्केनी यांची, फ्रेस्को पद्धतीची. मंगळुरूचं सेंट अलॉयशियस चॅपल रंगवणारे तेच. फ्रेस्कोमध्ये गिलावा ओला असेपर्यंतच रंग भरायचा, तो सुकताना रंग चुन्यात पक्का बसतो. म्हणून रोज आटोपेल तेवढाच तुकडा लिंपून घ्यायचा. चर्च 1905 मध्ये उघडलं आणि त्याच वर्षी ब्रदर वारले, हे ऐकून मला गलबलून आलं.

खटकलं ते 1964. युखरिस्तिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले, भारतात येणारे पहिले पोप. ओव्हल मैदानावरच्या त्या गर्दीत माझी आई होती, आजही ती ते भरभरून सांगते. इथे दोन वाक्यांत आटोपलं. वसईच्या धर्मग्रामांचा (एकेका चर्चच्या परिसराचा) तर उल्लेखच नाही. आणि सगळं इंग्रजीत. घरीदारी मराठी बोलणारे, मराठीत मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) ऐकणारे आम्ही इतके जण आहोत, महिन्यातून एक फेरी मराठीत ठेवायला काय हरकत आहे? मी आयोजकांना तसं कळवलंय, तुम्हीही कळवा.

जाणार असाल तर रविवार टाळा. मिस्सा चालू असताना आत फिरता येत नाही, आणि फिरूही नये.