मोंढ्याच्या भावांचा एपीआय: एक्सप्रेस की फास्टएपीआय?

लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीनचे भाव दुसऱ्या प्रोग्रॅमना देणारा एपीआय एक्सप्रेस (जावास्क्रिप्ट) आणि फास्टएपीआय (पायथन) या दोन्ही फ्रेमवर्कांत बनतो. फरक दिसतो तो चुकीचा डेटा आल्यावर. फास्टएपीआयमध्ये क्विंटलला फ्लोट (दशांश संख्या) टाइप दिला, की ‘दहा पोती’ला ४२२ हा ‘डेटा चुकीचा’ सांगणारा एरर कोड आपोआप जातो. एक्सप्रेसमध्ये ही तपासणी हातानं. त्यातही आवृत्ती ४ मध्ये असिंक हँडलरची (रिक्वेस्ट हाताळताना मध्ये वाट बघू शकणाऱ्या फंक्शनची) एरर नेक्स्टकडे, म्हणजे एक्सप्रेसच्या पुढच्या टप्प्याकडे, दिली नाही, तर नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) १५ पासून पुढे अख्खी प्रोसेसच बंद पडते. ५ मध्ये ती एरर आपोआप पुढे जाते.

फास्टएपीआयची खोड वेगळी: असिंक फंक्शनात ब्लॉकिंग (उत्तर येईपर्यंत अडवून धरणारा) डेटाबेस कॉल केला, की बाकीच्या रिक्वेस्ट खोळंबतात. तिथं साधं डेफ (असिंक नसलेलं फंक्शन) बरं.

टीम जावास्क्रिप्टवाली असेल तरच एक्सप्रेस, तेही ५. आणि दोन्हींकडे ‘/भाव/आज’ हा रूट (पत्ता) ‘आज’च्या जागी कुठल्याही पिकाचं नाव घेणाऱ्या रूटआधी लिहा. नाहीतर ‘आज’ हेच पीक ठरतं.